हायरॉक्सची तयारी: दमलेल्या पायांनी धावायला कसं शिकायचं

हायरॉक्स म्हणजे धावणं आणि ताकदीचे व्यायाम आलटून-पालटून करायची शर्यत. ती पाहणाऱ्याची नजर आधी वजनांकडे जाते: ढकलायची स्लेड (वजनं लादलेली, जमिनीवरून सरकणारी घसरगाडी), खांद्यावरची सँडबॅग, भिंतीवर फेकायचा चेंडू. मग तयारीही वजनांपासूनच सुरू होते, आणि गाडी तिथेच चुकते. एक किलोमीटर धावायचं, एक स्टेशन (म्हणजे ठरलेला एक व्यायाम) करायचं, असं आठ वेळा. म्हणजे 8 किलोमीटर धाव. 90 मिनिटांत शर्यत संपवणाऱ्याचा हिशोब मांडा: किलोमीटरला 6 मिनिटं या वेगाने धावण्याची 48 मिनिटं, आठ स्टेशनांची मिळून 36, आणि ट्रॅकवरून स्टेशनवर जाण्यायेण्यात 6. अर्ध्याहून जास्त वेळ धावण्यातच जातो. त्यातही पहिला किलोमीटर सोडला, तर पुढचे सातही दमलेल्या पायांनी धावायचे असतात. एरवी 10 किलोमीटर सहज 50 मिनिटांत धावणारे लोक स्लेडनंतर 7 मिनिटांच्या वेगावर येतात. त्यांचा दम शाबूत असतो, पण मांड्या साथ सोडतात. म्हणून तयारीतला सगळ्यात मोठा वाटा धावण्याला आणि व्यायामानंतर लगेच धावण्याला द्यायला हवा.

शर्यतीचा आराखडा आणि वजनं

हायरॉक्सची सुरुवात 2017 मध्ये जर्मनीत झाली. क्रिस्टियान टोएत्झके आणि हॉकीतला ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता मोरित्झ फ्युर्स्टे यांनी ती उभी केली. शर्यत बंदिस्त हॉलमध्ये होते आणि स्टेशनांचा क्रम सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे तयारी अगदी नेमकी करता येते. क्रम असा:

1. स्कीअर्ग (उभं राहून दोऱ्या खाली ओढायचं, स्कीइंगसारखं यंत्र), 1000 मीटर
2. स्लेड ढकलणं, 50 मीटर
3. स्लेड दोराने ओढणं, 50 मीटर
4. बर्पी ब्रॉड जंप (जमिनीवर पालथं पडून उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची), 80 मीटर
5. रोइंग (वल्हवण्याचं यंत्र), 1000 मीटर
6. फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं), 200 मीटर
7. सँडबॅग लंजेस (वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन, दर पावलाला मागचा गुडघा टेकवत चालणं), 100 मीटर
8. वॉल बॉल (उठाबशी काढत चेंडू भिंतीवरच्या लक्ष्यावर फेकणं), 100 वेळा

पुरुषांच्या ओपन (सर्वसाधारण) गटात ढकलायची स्लेड 152 किलोची आणि ओढायची 103 किलोची, दोन्ही वजनं स्लेडसकट. फार्मर्स कॅरीसाठी 24 किलोच्या दोन केटलबेल (मूठ असलेली गोल वजनं), सँडबॅग 20 किलो, चेंडू 6 किलो. महिला ओपनमध्ये हीच वजनं अनुक्रमे 102, 78, 16 किलोच्या दोन, 10 आणि 4 किलो. महिला प्रो (जास्त वजनांच्या) गटाची वजनं पुरुष ओपनइतकीच असतात. पुरुष प्रो गटात स्लेड 202 आणि 153 वर जाते, केटलबेल 32 किलोच्या, सँडबॅग 30 किलोची आणि चेंडू 9 किलोचा. नियमांत हंगामागणिक लहानसहान बदल होतात, त्यामुळे नाव नोंदवल्यावर त्या हंगामाची नियमपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचाच.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी प्रोचा विचारही करू नये. जोडीने उतरायचं तर डबल्स आहे. त्यात दोघांनाही 8 किलोमीटर बरोबरीने धावावं लागतं, फक्त स्टेशनवरचं काम वाटून घेता येतं. रिले चौघांचा असतो, प्रत्येकाच्या वाट्याला 2 किलोमीटर आणि दोन स्टेशनं. धावणं बरं आहे पण वजनांची सवय नाही, अशा माणसासाठी डबल्स ही उत्तम सुरुवात आहे.

आधी स्वतःची पातळी तपासा

बारा आठवड्यांचं नियोजन सुरू करण्याआधी तीन गोष्टी जमायला हव्यात: न थांबता 5 किलोमीटर धावणं (वेग कितीही असो), शरीराच्या वजनावर सलग 30 पूर्ण खोल स्क्वॉट, आणि न थांबता 10 बर्पी. यातली एक जरी जमत नसेल तर आधी सहा ते आठ आठवडे त्यासाठीच द्या. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याची किंवा पाठीची जुनी दुखापत असेल, किंवा व्यायाम करताना कधी छातीत दुखलं असेल, चक्कर आली असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरुवात करू नका.

मग एका दिवशी 5 किलोमीटर जोर लावून धावा आणि वेळ लिहून ठेवा. या वेळेवरून शर्यतीचा वेग ठरतो. 5 किलोमीटरच्या सरासरी वेगात किलोमीटरमागे 30 ते 45 सेकंद मिळवा, तो तुमचा पहिल्या शर्यतीतला धावण्याचा वेग. 25 मिनिटांत 5 किलोमीटर धावणाऱ्याने 5:30 ते 5:45 धरावेत. हा वेग सरावात फार संथ वाटतो. शर्यतीत पाचव्या किलोमीटरला तो टिकवतानाच दमछाक होते.

बारा आठवडे

आठवड्यात चार दिवस पुरतात. नोकरी, घर सांभाळून पाच जमले तर पाचवा दिवस हलक्या धावेचा.

पहिला दिवस लांब, सावकाश धावेचा. 40 मिनिटांपासून सुरू करून 70 ते 75 मिनिटांपर्यंत न्या. वेग एवढाच, की धावताना पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बहुतेक जण हीच धाव नको तितकी वेगात काढतात. मग पाय पुढच्या दिवसापर्यंत सावरत नाहीत आणि वेगाच्या दिवशी वेगच उरत नाही.

दुसरा दिवस वेगाचा. 1 किलोमीटरचे चार तुकडे शर्यतीच्या वेगाने, मध्ये 2 मिनिटं चालणं. दर दोन आठवड्यांनी एक तुकडा वाढवत आठपर्यंत जा आणि विश्रांती 60 सेकंदांवर आणा. तुकडे एकमेकांपासून पाच सेकंदांच्या आत राहिले पाहिजेत. पहिला 5:10 आणि शेवटचा 6:00 अशी घसरण दिसली तर वेग चुकीचा धरला आहे.

तिसरा दिवस ताकदीचा. स्क्वॉटचे 5 रेप्सचे (आवर्तनांचे) 4 सेट, रोमानियन डेडलिफ्टचे (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून वाकत वजन खाली-वर करणं) 8 चे 3, वाकून बारबेल किंवा डंबेल रोचे 8 चे 4, वजन घेऊन चालते लंजेस 20 मीटरचे 3, आणि शेवटी जड डंबेल हातात धरून 40 मीटर चालण्याच्या 4 फेऱ्या. प्रत्येक सेटनंतर दोन रेप्स अजून जमले असते असं वाटलं पाहिजे. सगळे रेप्स नीट झाले तर पुढच्या आठवड्यात स्क्वॉट आणि डेडलिफ्टला 2.5 किलो वाढवा. घाम काढायच्या नादात या दिवशीची विश्रांती कापू नका, सेटमध्ये दोन-अडीच मिनिटं घ्याच. ताकद इथे बनते, दमाचं काम बाकीच्या दिवशी होतच असतं.

चौथा दिवस मिश्र, आणि सगळ्यात महत्त्वाचा. सुरुवातीचे चार आठवडे याचं रूप साधं ठेवा: 600 मीटर धाव, 20 वॉल बॉल, 600 मीटर धाव, 20 मीटर लंजेस, अशा तीन फेऱ्या. पाचव्या आठवड्यापासून धाव पूर्ण किलोमीटरची करा आणि दर वेळी एकामागून एक येणारी दोन-तीन स्टेशनं घ्या. उदाहरणार्थ 1 किलोमीटर, स्लेड ढकलणं 50 मीटर, 1 किलोमीटर, स्लेड ओढणं 50 मीटर, 1 किलोमीटर. स्टेशननंतरच्या पहिल्या 200 मीटरवर लक्ष द्या. पाय लाकडासारखे होतात आणि पावलं आपोआप लांब, संथ पडतात. इथे वेग वाढवायचा प्रयत्न करू नका. पावलं आखूड आणि भराभर टाका, हात हलवत राहा, दोनदा लांब श्वास सोडा. साधारण दीड मिनिटात पाय मोकळे होतात. हे शरीराला सवयीनेच येतं, त्यासाठी दुसरा उपाय नाही.

चौथ्या आणि आठव्या आठवड्यात सगळ्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी करा. दहाव्या आठवड्यात रंगीत तालीम: आठही किलोमीटर शर्यतीच्या वेगाने, आठही स्टेशनं क्रमाने, पण प्रत्येक स्टेशनचं काम निम्मं. पूर्ण शर्यत सरावात काढायची गरज नाही, त्यातून सावरण्यात आठवडा जातो आणि शिकायला फारसं काही जास्त मिळत नाही. अकराव्या आठवड्यात प्रमाण निम्मं. बाराव्यात दोन हलक्या धावा, वीस-पंचवीस वॉल बॉल, बाकी झोप.

यंत्रं: दहा सेकंदांची किंमत

स्कीअर्ग आणि रोइंगच्या पडद्यावर 500 मीटरला लागणारा वेळ दिसत राहतो. हा आकडा फसवा आहे, कारण वेग थोडा वाढवला तरी ताकद फार जास्त लागते. 2:20 च्या वेगाला सुमारे 128 वॅट लागतात, 2:10 ला सुमारे 159. म्हणजे 1000 मीटरमध्ये 20 सेकंद वाचवायला जवळजवळ पाव पट जादा ताकद. हे 20 सेकंद पुढच्या किलोमीटरमध्ये व्याजासह परत जातात. स्कीअर्ग पहिलंच स्टेशन असल्याने अंगात जोश असतो, आणि नेमकी तिथेच शर्यत बिघडते. सरावात 2000 मीटर न दमता ज्या वेगाने करता येतात, त्याच वेगाच्या आसपास शर्यतीतले 1000 मीटर करा.

स्कीअर्गवर हातांनी ओढू नका. हात डोक्याच्या वर, पोट घट्ट, मग कमरेतून वाकत शरीराचं वजन दोरीवर टाका आणि हात मांड्यांच्या बाजूने मागे न्या. वर येताना टाचा थोड्या उचलल्या तरी चालतात. पंख्याच्या बाजूचा, ओढीचा जडपणा ठरवणारा दट्ट्या (डॅम्पर) 5 ते 6 वर पुरेसा असतो. 10 वर ठेवला की प्रत्येक ओढ जड होते, पाठ लवकर थकते, आणि जास्त अंतर कापलं जातं असं मुळीच नाही.

रोइंग पाचवं, बर्पीनंतरचं. इथे श्वास परत आणायची संधी आहे, तिचा फायदा घ्या. मिनिटाला 24 ते 26 ओढी, आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. पायाचे पट्टे फार घट्ट बांधू नका, सोडवताना सेकंद जातात. शेवटचे 100 मीटर वेग किंचित कमी करा म्हणजे उठल्यावर डोकं गरगरत नाही.

स्लेड

50 मीटर म्हणजे 12.5 मीटरच्या चार लेन. सराव आणि शर्यत यांतला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, कारण स्लेड किती घासते हे जमिनीवर ठरतं. जिममधल्या गुळगुळीत कृत्रिम गवतावर 152 किलो सहज सरकणारी स्लेड शर्यतीच्या कार्पेटवर अडून बसते. म्हणून सरावात आकड्याच्या मागे न लागता वेळ बघा: एका लेनला 30 ते 45 सेकंद लागतील इतकं वजन चढवा, मग तो आकडा कितीही होवो.

ढकलताना हात सरळ ठेवा किंवा कोपर वाकवून खांदा दांड्याला टेकवा, दोन्ही चालतं. जड स्लेडला दुसरी पद्धत सोपी पडते. शरीर जमिनीला साधारण 45 अंशांत, कंबर खांद्यांपेक्षा वर जाऊ द्यायची नाही, नजर दीड मीटर पुढे. पावलं आखूड, पूर्ण पंजा टेकवून. लांब पाऊल टाकलं की बूट सरकतो आणि स्लेड थांबते. थांबलेली स्लेड पुन्हा हलवायला चालत्या स्लेडपेक्षा जास्त जोर लागतो, म्हणून मध्येच न थांबता लेनच्या टोकाला थांबायचं ठरवा: चार लेन, प्रत्येक टोकाला चार श्वास. लेन एका दमात होत नसेल तर तिचे दोन समान भाग करा. आणि संपूर्ण स्लेड रेषेपलीकडे गेली आहे याची खात्री करूनच वळा.

ओढताना दोन्ही पाय आखलेल्या चौकटीत राहिले पाहिजेत, बसून किंवा गुडघे टेकून ओढायला मनाई आहे. फक्त दंडांनी ओढणाऱ्यांचे हात दुसऱ्याच लेनमध्ये भरून येतात. हात जवळजवळ सरळ ठेवा, दोर घट्ट धरा, मागे रेला आणि चौकटीच्या मागच्या टोकापर्यंत दोन-तीन पावलं मागे चाला. शरीराचं वजनच स्लेड ओढतं. मग पटकन पुढे येऊन दोर नव्याने पकडा. ओढलेला दोर एकाच बाजूला टाकत जा, नाहीतर तो पायात गुंततो.

स्लेडच नसेल तर जड स्टेप-अप (वजन घेऊन उंच ठोकळ्यावर चढणं) आणि वजन घेऊन जिने चढणं हा ढकलण्याला सगळ्यात जवळचा पर्याय. ओढण्यासाठी जिममधल्या केबल यंत्राला दोर लावून 40 सेकंदांचे सलग रो करा. बंद ट्रेडमिलचा पट्टा पायांनी ढकलायची युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगतात. यंत्र खराब होऊ शकतं, त्यामुळे जिमच्या परवानगीशिवाय ती वापरू नका.

मधली तीन

बर्पी ब्रॉड जंपमध्ये छाती जमिनीला लागली पाहिजे, हात पावलांच्या जवळ टेकवायचे, आणि उडी दोन्ही पायांनी एकदम मारायची. 1.3 मीटरची उडी धरली तर 80 मीटरला 62 उड्या होतात. लांब उड्या मारून संख्या कमी करण्याचा मोह होतो, पण दहा-बारा उड्यांनंतर मांड्या पेटतात. मध्यम उडी, आणि खाली-वर जाताना एक-एक पाय मागे-पुढे टाकत उतरणं, यात श्वास टिकतो. पाच सेकंदांना एक हा ताल धरला की सुमारे पाच मिनिटांत संपतं.

फार्मर्स कॅरीत जलद जाणं फायद्याचं ठरतं, इथे रेंगाळलात तर पकडच आधी सुटते. केटलबेलची मूठ बरोबर मध्यावर धरा, खांदे मागे, पावलं छोटी आणि वेगात. शक्यतो खाली ठेवू नका. ठेवावीच लागली तर पाच सेकंदांहून जास्त नको.

सँडबॅग लंजेसमध्ये मागचा गुडघा प्रत्येक वेळी जमिनीला लागला पाहिजे, पाय आलटून-पालटून, आणि बॅग खाली टेकली की दंड. बॅग मानेवर न ठेवता खांद्यांच्या वरच्या भागावर पसरून घ्या आणि दोन्ही टोकं हातांनी खाली ओढून धरा. पाऊल फार लांब टाकलं तर मांडीच्या मागच्या बाजूला गोळा येतो. दम लागला तर दोन्ही पाय जवळ आणून उभं राहून दोन श्वास घ्या, बॅग खांद्यावरच असू द्या. सराव केला नसेल तर पूर्ण शर्यतीत सर्वांत जास्त त्रास याच स्टेशनला होतो. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी लंजेस करा.

शंभर वॉल बॉल

पुरुषांचं लक्ष्य 3 मीटर उंचीवर, महिलांचं 2.70 मीटरवर. खाली जाताना कमरेचा सांधा (मांडी जिथे धडाला मिळते तो भाग) गुडघ्याच्या खाली गेला पाहिजे, चेंडू लक्ष्याला लागला पाहिजे, नाहीतर तो मोजला जात नाही. दमलेल्या अवस्थेत बाद फेक सगळ्यात महाग पडते, कारण मेहनत पूर्ण होते आणि आकडा तिथेच राहतो. म्हणून सरावात खोली आणि उंची यांत कधीही सूट घेऊ नका, दहा फेका असल्या तरीही.

भिंतीपासून साधारण हातभर अंतरावर उभे राहा. जवळ उभं राहिलं तर चेंडू सरळ वर जाऊन डोक्यावर येतो, लांब राहिलं तर दर वेळी पुढे झुकावं लागतं. चेंडू हनुवटीसमोर झेला आणि झेलताना त्याच ओघात खाली बसा. वर येताना पायांचा जोर पूर्ण वापरा, हात फक्त दिशा देतात. फेकल्यावर हात क्षणभर खाली सोडले की खांद्यांना विश्रांती मिळते. फेकताना श्वास सोडा, झेलताना घ्या.

गट आधीच ठरवा. ताजेपणी सलग 40 करणाऱ्याने शर्यतीत 15 च्या वर जाऊ नये. 15, 15, 10, 10, 10, 10, 10, 10, 10 हा हिशोब बऱ्याच जणांना मानवतो, मध्ये तीन लांब श्वास, चेंडू छातीशी धरूनच. चेंडू जमिनीवर सोडला की वाकून उचलण्यात वेळ आणि पाठ दोन्ही जातात.

आहार, बूट आणि शर्यतीचा दिवस

शर्यतीआधी दोन ते तीन तास पचायला हलकं, पिष्टमय पदार्थांचं प्रमाण जास्त असलेलं जेवण घ्या, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 1 ते 2 ग्रॅम कार्बोहायड्रेट. तेलकट आणि तंतुमय पदार्थ त्या दिवशी टाळा. शर्यत सव्वा तासाहून जास्त चालणार असेल तर रोइंगच्या आधीच्या धावेत एक एनर्जी जेल घ्या. ते जेल, कॅफीन, बूट, मोजे, सगळं आधी सरावात वापरलेलं असावं. बुटाचा तळवा रबरी आणि पकड घेणारा हवा. फार जाड, मऊ तळव्याचे धावण्याचे बूट स्लेडवर घसरतात आणि लंजेसमध्ये घोटा डगमगतो.

ठिकाणी दीड तास आधी पोहोचा. सुरुवातीपूर्वी 15 मिनिटं अंग तापवा: 8 मिनिटं हलकी धाव, कंबर-घोट्यांची हालचाल, 20 सेकंदांच्या तीन वेगवान धावा, 5 बर्पी, 10 स्क्वॉट. एका किलोमीटरसाठी हॉलमध्ये किती चकरा हे आधीच पाहून घ्या. चकरा मोजायची जबाबदारी खेळाडूची असते आणि एक चुकली तर मोठा दंड बसतो. दमल्यावर मोजणी चुकते, म्हणून प्रत्येक चकरीला एक बोट मिटायची सवय सरावातच लावा.

ट्रॅक आणि स्टेशन यांच्या मधल्या भागाला रॉक्सझोन म्हणतात. तिथला वेळही घड्याळात धरला जातो. चालत गेलात तर सहाची नऊ मिनिटं होतात आणि कळतही नाही. पुढचं स्टेशन कुठे आहे हे आदल्या रात्री नकाशावर पाहा आणि तिथे हलक्या पावलांनी धावतच जा.

पहिले दोन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे 5 ते 10 सेकंद सावकाश ठेवा. भोवतालची गर्दी पुढे जाईल, जाऊ द्या. स्लेडनंतरचा तिसरा आणि चौथा किलोमीटर सगळ्यात जड असतो, तिथे वेगाऐवजी न थांबण्यावर लक्ष द्या. सहाव्यापासून जोर वाढवा. आठवा किलोमीटर मात्र राखून धावा, कारण पुढे शंभर वॉल बॉल आहेत.

शर्यत संपल्यावर लगेच खाली बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, पाणी आणि खारट काहीतरी घ्या. पुढचे पाच-सहा दिवस जड व्यायाम बंद, चालणं आणि हलकी सायकल पुरे. मांड्या दोन-तीन दिवस दुखणार, ते ठीक. पण सूज आणि वेदना वाढत गेल्या, अंग फार अशक्त वाटलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर ते स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात तुटल्याचं लक्षण असू शकतं आणि त्याचा मूत्रपिंडावर परिणाम होतो. अशा वेळी घरी वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.